हकीकत लाल रिबिनीच्या वेढ्याची

अखंडित-उत्साह-अलंकृत, टाळ्या-प्रवीण, नव्या तुकडीचे समस्त उमेदवार यांचे सेवेसी कलमदानाचा चाकर मुजरा करोन लिहितो ऐसे की, आपण आज्ञा केली, वरच्या मजल्यावरील वॉशिंग मशीनचे तोंडास लाल रिबिनीची दोन शेपटे अद्याप लोंबतात ती काय सबब, आणि 'बोल्ट' हा शब्द निघताच मास्तर खाली का बघतात, याची हकीकत साद्यंत लिहून द्यावी. त्यावरून जैसे पाहिले, जैसे ऐकिले आणि जैसे जिन्यात उभे राहून कळले, तैसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ जेथे लाविले तेथे चव घेऊनच लाविले आहे, खातरजमा असावी.

चष्म्यांच्या दुकानाचे माथ्यावर, अरुंद जिना चढून जाता, दोन खोल्यांची एक राजधानी आहे, तिचे नाव युवा कौशल्य व सबलीकरण केंद्र. तेथील गादीवर संचालिका मॅडम. बाई कामाची, मनाची वाईट नव्हे, परंतु आवाज नगाऱ्याचा आणि भरवसा घोषणांवर. रोज सकाळी समस्त फौज उभी करावी, मुठी वळवाव्या, "मी करू शकतो! मी करू शकते!" ऐसी गर्जना खिडकीच्या काचा हालेतो करवावी, आणि मग फौजेस खाली बसवून काहीही करू देऊ नये, ऐसा तेथील शिरस्ता होता.

कारण ऐसे की, घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचा वर्ग उघडला तेव्हा शहरातील थोर शोरूमवाले शेठ यांनी मेहेरबान होऊन एक कोरे करकरीत वॉशिंग मशीन नजर केले, आणि मॅडमांनी त्यास लाल रिबीन आडवी बांधून, मध्ये फूल काढून, फर्मान सोडिले की शेठांचे हस्ते उद्घाटन होईतोवर मशीनला कोणी बोट लावू नये. मग मशीन बसवून देणारा कंपनीचा कारागीर पाने-पक्कडींची पिशवी घेऊन जिना चढोन आला, त्यासही दारातूनच परत लाविले, की बाबा, उद्घाटनानंतर ये. तो बिचारा "मॅडम, निदान मागचे—" एवढेच बोलला, आणि दार लागले. वाचकांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा, पुढील सर्व अनर्थाचे मूळ या लागलेल्या दारात आहे.

मग शेठांची स्वारी काही येईना. एकदा लग्नाला गेले, एकदा दाढ दुखली, एकदा येतो म्हणोन आलेच नाहीत आणि फोनही उचलिला नाही. इकडे मास्तर, ज्यांचे अर्धे आयुष्य मशीनखाली पालथे पडून गेले, ते फळ्यावर चित्र काढून शिकवू लागले, आणि फळा अपुरा पडला तेव्हा हवेत शिकवू लागले. मास्तरांनी हवेत पाना धरावा, हवेतला स्क्रू फिरवावा, हवेतले मागचे झाकण काढून हवेतच भिंतीला टेकवावे, आणि समस्त फौजेने तैसेच करावे. होता होता फौज ऐसी तरबेज जाहली की कोणाचा हवेतला स्क्रू खाली पडला तर शेजारचा वाकून उचलून देई.

या फौजेत एक मुलगी होती. अंग किरकोळ, पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणोन घरी-दारी सर्व तिजला खारूताई म्हणत. तिचे मस्तकी मोठे संकट उभे होते, ते ऐसे की, घरातील वडील माणूस म्हणजे तिचे काका, त्यांचे कोपऱ्यावर झेरॉक्सचे दुकान. बारावीनंतर खारूताई दोन वर्षे त्या काउंटरवर उभी राहोन जगाचे कागद दुसऱ्या कागदावर उतरवीत होती, आणि त्या कामाने तिचा जीव अगदी विटोन गेला होता. त्यातून सुटावे म्हणोन तिने आधी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग केला, मग संभाषणकौशल्याचा केला, दोन्ही ठिकाणी सर्टिफिकिटे मिळाली, नोकरी मिळाली नाही. तेव्हा काकांनी निर्वाणीचा हुकूम केला, "तुझ्या सर्टिफिकिटांच्या झेरॉक्स काढून माझा टोनर संपला. हा शेवटचा कोर्स. पास झालीस तर तुझा रस्ता मोकळा, नाहीतर गुपचूप काउंटरवर उभं राहायचं, आणि तोंड पाडायचं नाही." खारूताईंनी मान डोलाविली.

आता परीक्षा घेण्यास येणार होत्या त्या बाहेरच्या परीक्षक बाई. त्यांचे स्वतःचे दुरुस्तीचे नामांकित दुकान, बोलणे मोजके, आणि वदंता ऐसी की प्रत्येक तुकडीतून एकच मोहरा निवडून कामास नेतात, बाकीच्यांस शुभेच्छा देतात. परीक्षा प्रात्यक्षिकाची. खरे मशीन, खरा पाना. हवेत फिरविलेल्या स्क्रूस तेथे गुण नाहीत.

हे जाणोन खारूताईंनी मास्तरांची एकांती गाठ घेतली आणि अर्ज केला की एकदा हात लावू द्या. मास्तर भित्रे नव्हेत, परंतु नोकरीतले. ते म्हणाले, "रिबीन तुटली तर माझी मान तुटेल गं बाई." तेव्हा खारूताईंनी मशीनला चहूकडून प्रदक्षिणा घालून पाहिले, आणि जी गोष्ट महिनोन् महिने कोणाच्या ध्यानात आली नव्हती ती त्यांचे ध्यानात आली, की रिबीन पुढून आहे आणि दुरुस्ती मागून होते.

मग मास्तरांसह मोहिमेची मसलत ठरली. मॅडम 'निर्भय नेतृत्व' या विषयावर व्याख्यान देण्यास परगावी गेल्या ऐसा दिवस पाहिला, जेवणाची सुट्टी साधली, आणि चौघांनी मशीन भिंतीपासून अलगद पुढे ओढिले. मागचे झाकण उघडिले. आत मोटार, पट्टा, आणि मधोमध ते थोरले पिंप, सर्व जैसे फळ्यावर होते तैसेच. फौजेतील एकाचे डोळ्यांस पाणी आले, तो म्हणाला, "अरे, हे खरंच असतं!" मग सर्वांनी आळीपाळीने हात लाविले. मग झाकण लाविले. मग मोह जाहला. पाण्याचा नळ जोडिलेला नव्हता, परंतु नुसते पिळण्यास पाणी लागत नाही, आणि बटण रिबिनीचे वरच्या बाजूस होते. कोणी दाबिले ते इतिहासास ठाऊक आहे, परंतु इतिहास सांगणार नाही.

आरंभी मशीन घुमले. मग गुरगुरले. मग पिंपाने वेग घेतला आणि एकाएकी सबंध मशीन अंगात आल्यागत हालू लागले, आणि हालता हालता चालू लागले, आणि फळ्याचा पाय मोडोन दाराकडे निघाले. चौघे आडवे पडले, तरी आवरेना. खालच्या मजल्यावर चष्मेवाल्यांच्या भिंतीवरील चष्मे एकामागून एक उड्या टाकू लागले. तेव्हा खारूताईंनी धाव घेऊन प्लग उपटिला, आणि मशीन उंबरठ्यावर थांबले.

सर्व पळण्याच्या बेतात होते. खारूताई मात्र मशीनचे मागे मांडी घालून बसली. मास्तरांनी शिकविले होते की पिंप आत स्प्रिंगांवर टांगलेले असते आणि पाळण्यासारखे हालते. तिने झाकण पुन्हा काढोन पिंप हाताने ढकलिले. हालेना. पाळणा का हालत नाही, म्हणोन तिने बोटांनी चाचपून पाहिले तो मागच्या पत्र्यातून चार लांब बोल्ट थेट पिंपात घुसलेले. कारखान्यातून येताना वाटेत आपटू नये म्हणोन पिंपास जे जखडून ठेवितात ते हे बोल्ट, आणि मशीन घरी बसविताना कंपनीचा कारागीर ते प्रथम काढितो. तो कारागीर दारातूनच गेला होता. मास्तरांनी कपाळावर हात मारिला आणि पाना दिला. खारूताईंनी चारही काढिले.

इतक्यात चष्मेवाल्यांनी फोनावरून फिर्याद गुदरली होती, आणि निर्भय नेतृत्व अर्धे टाकोन मॅडमांची स्वारी तडक दाखल जाहली. मग जो कल्लोळ जाहला तो लिहावयास शाई पुरणार नाही. निकाल इतकाच, की बिनउद्घाटनाच्या मशीनला हात लाविला या गुन्ह्याखातर खारूताईंस परीक्षेस बसण्याची मनाई, त्यांनी समारंभात कात्रीचे तबक धरावे, आणि मशीन जैसे आले तैसेच, बोल्टांसकट, पूर्ववत करावे. मास्तर चाचरले, "मॅडम, ते बोल्ट आत नकोत." मॅडम म्हणाल्या, "मास्तर, शेठजींनी जसं दिलं तसंच त्यांना दिसलं पाहिजे." मास्तरांनी बोल्ट पिळिले, मॅडमांनी खोलीस कुलूप घातिले आणि किल्ली पर्समध्ये टाकिली. खारूताई जिन्यात बसोन रडली. कोणाचे सांत्वन ऐकिले नाही, आणि घरी काही सांगितले नाही.

मग तो दिवस उगवला. शेठांची दाढ बरी जाहली होती. मॅडमांनी हिकमत केली की उद्घाटन आणि परीक्षा एकाच दिवशी, म्हणजे शेठांसही प्रगती दिसेल, आणि खुर्च्या भराव्या म्हणोन समस्त पालकांस पाचारण केले. त्यात काका आले. पुढल्या रांगेत बसले. पुतणी परीक्षेचे बाकावर नसून तबक घेऊन उभी आहे हे पाहोन त्यांनी भुवई वर केली, आणि खारूताईंनी नजर दुसरीकडे वळविली. परीक्षक बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून बसल्या होत्या.

शेठांनी भाषण केले, की आजचा तरुण उद्याचा मालक आहे. मग रिबीन कापिली. टाळ्या जाहल्या. मग मॅडम कानाशी लागोन म्हणाल्या, "पिळायचं बटण दाबा, पाण्याची भानगड नको." शेठांनी दाबिले, आणि एक हात मशीनवर ठेवून फोटोसाठी हसले.

ते हसू फोटोत आहे. पुढचे फोटो हालले आहेत.

मशीन घुमले, गुरगुरले, आणि शेठांस घेऊन निघाले. शेठ थोर, दिलेले दान सोडीनात, दोन्ही हातांनी कवटाळून बसले, आणि तैसेच दाताखाली जीभ धरोन खुर्च्यांकडे सरकू लागले. माईक पडला. पालक बाकांवर चढिले. खालून चष्मेवाल्यांची आरोळी आली, "परत?" मॅडमांनी त्या नगाऱ्याच्या आवाजात हुकूम केला, "मुलांनो, काहीतरी करा!" आणि तेव्हा जे घडिले तैसे कोणत्याही रणात घडिले नसेल. समस्त फौज शिस्तीने उभी राहिली, हवेत पाना धरिला, आणि हवेतले स्क्रू काढू लागली. एकाने तर हवेतले झाकण काढोन नीट भिंतीला टेकविले. हात तैसेच वळले होते, त्यास इलाज नव्हता.

खारूताईंनी तबक टाकिले. कात्री एकीकडे, तबक एकीकडे. खुर्च्यांखालून सरपटत भिंत गाठिली आणि प्लग उपटिला. मग मशीन वळविले, आणि हात मागे करोन म्हणाल्या, "मास्तर, पाना." मास्तरांनी पाना दिला. तो हवेतला नव्हता.

मॅडम भानावर येऊन ओरडल्या, "तुला हात लावायची परवानगी नाहीये!"

खारूताई बोल्ट फिरविता फिरविता, मान वर न करिता म्हणाल्या, "मॅडम, रिबीन कापली ना आता?"

एकेक करोन चारही बोल्ट फरशीवर वाजले. मग परीक्षक बाई कोपऱ्यातून उठोन आल्या. त्यांनी शेठांसाठी ठेविलेला पाण्याचा भरला ग्लास उचलोन मशीनवर ठेविला आणि स्वतः बटण दाबिले. मशीन घुमले, वेग घेतला, सुसाट फिरले. ग्लासातले पाणी शहारले, परंतु थेंब सांडला नाही. बाईंनी एकच सवाल केला, "काढलेले बोल्ट टाकून द्यायचे का?"

"नाही. जपून ठेवायचे. घर बदलताना परत लावावे लागतात."

"झाली परीक्षा," बाई म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या की हिला मनाई आहे. बाई म्हणाल्या, "मनाई तुमची, दुकान माझं. सोमवारी ये गं. केस घट्ट बांधून ये, पट्ट्यात अडकतात." मग मॅडमांनी फौजेकडे वळोन टाळी मागितली, आणि सर्वांत जोरात स्वतःच वाजविली. हेही लिहिणे आले, कारण मॅडम मनाच्या वाईट नव्हेत, हे आम्ही वर लिहिलेच आहे.

काका वाटेत म्हणाले, "मला वाटलं होतं, तू नापास होशील." मग म्हणाले, "दोन माणसांचं काम तू एकटी करत होतीस काउंटरवर. हे मी कधी बोललो नाही." आणि रुमालाने नाक पुसून सर्दीस दोष दिला. खारूताईंस त्या घटकेला काकांची फार माया आली, आणि काउंटरवर परत जावे ऐसे मुळीच वाटले नाही.

येणेंप्रमाणे रिबिनीचा वेढा उठला, यंत्र शरण आले, शेठ सुखरूप सुटले आणि खारूताईंची फत्ते जाहली. तहनामा कागदावर जाहला नाही. सोमवारी सकाळी खारूताई केस घट्ट बांधून कोपऱ्यावरून कामास निघाल्या, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानाचे काचेवर काका स्टुलावर चढोन स्वहस्ते चिकटपट्टीने एक कागद लावीत होते, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'मदतनीस पाहिजे.' शर्थीने लढविलेला मुलूख खाली केल्याची याहून पक्की सनद आमचे पाहण्यात नाही. अक्षर जेथे वाकडे आले तेथे मशीन चालू होते ऐसे समजावे.