तांडेलकाकांची छत्री

तांडेलकाका कुणाच्याही घरून निघाले की त्यांची एखादी वस्तू मागे राहतेच. कधी चष्म्याचं घर, कधी तपकिरीची डबी. एकदा तर एक चप्पल आमच्या दाराशी ठेवून म्हातारा दुसऱ्या चपलेवर लंगडत जिना उतरला. मला वाटलं, वय झालं. मग कळलं, मुद्दाम करतात.

वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत त्यांची वस्तू नाही असं घर सापडणार नाही. वॉचमन मुरुगनच्या खुर्चीखाली त्यांची बॅटरी. तिसऱ्या मजल्यावरच्या मामींच्या देवघरापाशी त्यांचा मफलर. चेन्नईत मफलर!

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "शेठ, सगळंच उचलून नेलं तर परत कशाच्या जोरावर यायचं?"

काका मूळचे मालवणकडचे. उमेदीची वर्षं मालवाहू बोटीवर गेली. पोर्ट ब्लेअरहून तांदूळ, रॉकेल, सिमेंट भरायचं आणि खालच्या लहान लहान बेटांवर पोचवायचं. तिथे धक्का नाही. बोट लांब उभी राहायची आणि बेटावरची माणसं होड्या घेऊन माल उतरवायला यायची. माल उतरला की पाठ फिरवायची, बोलणं नाही.

"एकदा होडीतून किनाऱ्यावर गेलो, तिथे एका म्हाताऱ्याच्या झोपडीपाशी माझा कंगवा राहिला," काका सांगत. "पुढच्या फेरीला गेलो तर कंगवा धुऊन दाराला टांगलेला आणि माझ्यासाठी मासा भाजलेला. तिथली रीतच ती. जाणाऱ्याने काहीतरी ठेवायचं, घरच्याने ते जपायचं. वस्तू घरात आहे म्हणजे माणूस यायचाय."

रीत खरंच तिथली की बोटीवर बसून यांनी रचलेली, देव जाणे. मी बेटं पाहिलेली नाहीत. मला अंबत्तूरच्या कारखान्यांपलीकडे जायला फुरसत नसते.

पण त्या रीतीने माझा गळा कापला, ते सांगतो. मी हातगाडीवर नटबोल्ट विकत वर आलेला माणूस. अंबत्तूरला एक जुना लेथ विकायला होता. काकांना यंत्रातलं कळतं आणि तमिळ पाण्यासारखं येतं, म्हणून बरोबर नेलं. सौदा अडला तसा मी माझा हुकमी डाव टाकला. "नको तुझा लेथ," म्हणून ताडकन उठलो आणि चालू लागलो. आजवर दारापर्यंत पोचायच्या आत मला हाक आली नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी दार आलं, रस्ता आला, बसस्टॉप आला, हाक नाही.

"काका, हा थांबवत कसा नाही?"

"कशाला थांबवेल? माझा चष्मा त्याच्या टेबलावर आहे. त्याला ठाऊक आहे आपण परत येणार."

परत गेलो. मालक चष्मा पुसत हसत बसला होता. लेथ तो म्हणेल त्या किमतीला घ्यावा लागला. भर रस्त्यात मी काकांना नाही नाही ते बोललो आणि मग बोलणंच बंद केलं. तो राग अजून गेलेला नाही.

मागच्या डिसेंबरात वेलचेरीत पाणी भरलं. काकांचं घर तळमजल्यावर. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा माझी बायकोच त्यांना वर घेऊन आली. मी पेपरात तोंड खुपसून बसलो. काका खिडकीतून खालचं पाणी बघत होते.

"शेठ, आमची बोट एकाएकी मोडीत काढली. आम्हाला इथे चेन्नईला उतरवलं ते उतरवलंच. माझा दाढीचा आरसा अजून त्या म्हाताऱ्याकडे आहे. शिट्टी दुसऱ्या बेटावरच्या एका बाईकडे. आमच्या हिने विणलेला स्वेटर आणखी एकीच्या घरी. दर बोटीला ती माणसं किनाऱ्यावर येऊन उभी राहत असतील."

"पोस्टाने मागवून घ्या मग," मी पेपरातूनच म्हणालो.

"मागवू?" काका वळले. "म्हणजे मी येत नाही, वाट बघू नका, असंच सांगायचं ना?"

मी पेपराचं पान उलटलं. पाणी ओसरल्यावर ते खाली गेले. छत्री आमच्या दाराआड राहिली.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी नागपूरहून त्यांना न्यायला आली. काकांचे गुडघे गेलेत, एकट्याने राहणं आता जमायचं नाही. निघायच्या दिवशी सकाळी काका पिशवी घेऊन घरोघर फिरले. मुरुगनकडून बॅटरी घेतली, मामींकडून मफलर घेतला. मामी मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. मफलर तेवढा नेला." त्यांचा आवाज बरा नव्हता.

मग आमची बेल वाजली.

"शेठ, माझी छत्री."

"कुठली छत्री?"

"काळी. डिसेंबरात राहिलेली."

"आमच्याकडे नाही."

आतून बायको काही म्हणणार होती, मी तिच्याकडे डोळे वटारले. दार अर्धं उघडं होतं आणि त्याच्या आडून छत्रीची मूठ चांगली वीतभर बाहेर आली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"द्या हो. उगाच कुणाला वाट बघायला लावायची नाही आता."

"नाही म्हटलं ना! सापडली तर ठेवीन. तुम्ही येऊन न्या."

काका कठड्याला धरून उतरू लागले. मी हाक मारली नाही. वळणावर ते थांबले.

"शेठ, तिची एक काडी मोडलीय. दुरुस्त करून ठेवा."

केली. भर पावसातही ती मी घरातल्या कुणाला उघडू देत नाही.