कोंबडी, कोल्हा आणि कोट

"कोंबडी," असं म्हणून मास्तरांनी हातातलं पान टेबलावर पालथं घातलं आणि अंडं उचलायला हात पुढे केला.

"दाखवा," वहिनी म्हणाल्या. डॉक्टर आणि वायरमनही तेच म्हणणार होते, पण वहिनींच्या वेगापुढे कुणाचं काही चालत नसे.

मास्तरांनी पान उलटं केलं. कोल्हा. त्या दुपारचा हा कितवा कोल्हा, हे मोजणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. जमवलेली सगळी अंडी, म्हणजे दवाखान्यातले कापसाचे बोळे, त्यांनी मुकाट्याने वहिनींकडे सरकवली.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो. त्यामुळे पेशंट बसतात त्या खोलीत डॉक्टर, त्यांची बायको म्हणजे वहिनी, समोरच्या दुकानातले मास्तर आणि गल्लीतला वायरमन अशी चौघांची बैठक वर्षानुवर्षं बसायची. आधी नुसत्या गप्पा असत. पण गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी वायरमनच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायला लागल्या, तेव्हा त्यानेच भाचीकडून हा पत्त्यांचा खेळ मागून आणला. खेळ तसा पोरखेळच. गठ्ठ्यातून पान उचलायचं, ते आपल्यापुढे पालथं ठेवायचं. कोंबडी आली तर 'कोंबडी' म्हणून एक अंडं घ्यायचं. कोल्हा आला तर निमूट कबूल करून गप्प बसायचं, नाहीतर तोंड वर करून त्यालाच कोंबडी म्हणायचं. संशय आला त्याने 'दाखवा' म्हणायचं. थाप पकडली गेली की सगळी अंडी पकडणाऱ्याची, आणि संशय खोटा ठरला की संशय घेणाऱ्याने एक अंडं द्यायचं. डझनभर अंडी ज्याची आधी होतील तो जिंकला.

मास्तर म्हणजे शिवणकामवाले मास्तर. आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला 'उद्या' सांगण्यात त्यांची हयात गेली होती. म्हणून पहिल्याच दिवशी वायरमन म्हणाला होता, "हा खेळ मास्तरांसाठीच बनवलाय. आपण तिघांनी आत्ताच हार मानून चहा घेऊ." पण झालं भलतंच. मास्तर जेव्हा जेव्हा थाप मारत, तेव्हा तेव्हा पकडले जात.

"कमाल आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. "धंद्यात एवढ्या थापा मारता आणि इथे एक कोल्हा लपवता येत नाही?"

"थापा कुठे मारतो?" मास्तर मनापासून दुखावले. "मी उद्या म्हणतो तेव्हा मला खरंच वाटत असतं, की उद्या होईल."

वहिनींनी डॉक्टरांना कोपराने ढोसलं. "हां," डॉक्टर भानावर येऊन म्हणाले, "मास्तर, कोट कधी मिळणार?"

"उद्या," मास्तर म्हणाले.

एरवी यावर सगळे हसायचे आणि विषय संपायचा. आज वहिनी हसल्या नाहीत. पालथ्या पानाकडे बघावं तशा त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तर घाईघाईने पत्ते पिसायला लागले.

कारण या कोटाला उद्या नव्हताच. कापड वहिनींनी स्वतः निवडलेलं, मोहरीच्या रंगावर जांभळ्या चौकटी, आणि चौकटी अशा की लांबूनही मोजता याव्यात. पुढच्या महिन्यात दंतवैद्यांचा मेळावा होता, त्यात डॉक्टर व्यासपीठावर भाषण करणार होते. हा कोट घालून ते बोलायला उभे राहिले आहेत, हे चित्र वहिनींनी डोळ्यांपुढे पक्कं करून ठेवलं होतं. मास्तरांनी कापड बेतलं, कापलं, आणि पाठीचा तुकडा इस्त्रीखाली घेतला. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक पँटसाठी भांडायला आलं. मास्तरांनी त्याला मनापासून, हातातलं सगळं सोडून 'उद्या' सांगितलं. इस्त्री मात्र हातातून सुटली ती कापडावरच राहिली.

त्यानंतर त्यांनी साऱ्या बाजारात तसलं कापड शोधलं. दुकानदार नमुना बघून आधी हसायचे आणि मग, "असलं कोण घेतं हो?" असं विचारायचे. जळका तुकडा माळ्यावर गेला. वहिनींना सांगून टाकायचं असं मास्तर रोज ठरवत होते, पण तेसुद्धा उद्यावर जात होतं. मनातून त्यांना फार लाज वाटत होती. डॉक्टरांनी त्यांची दाढ फुकट काढली होती, वहिनी चहा दिल्याशिवाय कधी जाऊ देत नसत, आणि अशा माणसांना आपण महिनोन् महिने फसवतोय, हे त्यांना जेवतानाही आठवायचं.

इतके दिवस निभावलं, कारण मास्तरांचा कुठला उद्या खरा आणि कुठला खोटा, हे कुणालाच कळत नव्हतं. आता या मेल्या खेळाने तिघांना समोरासमोर बसवून मास्तरांची थाप ओळखायला शिकवायचा चंगच बांधला होता. बरं, जायचंच बंद करावं, तर चोराच्या मनात चांदणं. 'मास्तर का येत नाहीत' म्हणून वहिनी थेट दुकानात येतील ही भीती. तेव्हा उपाय एकच होता. निर्विकार चेहऱ्याने थाप मारायला शिकायचं.

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद केल्यावर मास्तरांनी बायकोला समोर बसवलं. साधीच पानं घेतली. चित्राचं पान कोल्हा, बाकी कोंबड्या.

"कोंबडी."

"दाखवा," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

मास्तरांनी काळा चष्मा लावला. "दाखवा." नाकापर्यंत मफलर गुंडाळला. "दाखवा. आणि तो मफलर काढा, गुदमराल." शेवटी ते तिच्याकडे पाठ करून बसले आणि भिंतीला कोंबडी म्हणाले. तरी बायको "दाखवा"च म्हणाली.

"अगं, ओळखतेस तरी कशावरून?"

"ते नाही सांगायची."

"का?"

"सांगितलं तर माझ्या हातात काय उरेल? इतकी वर्षं संसार त्याच्यावरच चाललाय."

पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा धुतले गेले, पण एक गोष्ट कमावून आले. डॉक्टरांनी पान ठेवलं आणि लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले, "कोंबडी." तो आवाज ऐकला मात्र, मास्तरांच्या काढलेल्या दाढेची जागा ठणकली. 'मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स,' असं डॉक्टर ज्या आवाजात म्हणाले होते आणि पाठोपाठ मास्तरांना भरदुपारी तारे दिसले होते, तोच हा आवाज. "दाखवा," मास्तर म्हणाले. कोल्हाच निघाला. पुढच्या फेरीत पुन्हा मऊ आवाज, पुन्हा ठणका, पुन्हा कोल्हा. हे गुपित मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्याकडे तेवढं एकच तर हत्यार होतं.

शनिवारी मात्र वहिनी खरंच दुकानात आल्या. "सहज आले हो. कुठवर आलाय कोट?"

"होतच आलाय," मास्तर म्हणाले. "काजं तेवढी राहिलीत."

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली. मग "बरं, उद्या बोलू," एवढंच म्हणून गेल्या. आतल्या दारात मास्तरांची बायको उभी होती.

"आता सांगतेच," ती म्हणाली. "खोटं बोलताना तुमचा हात गळ्यातल्या टेपवर जातो. आणि मग बोटं इंचाइंचाने पुढे सरकत राहतात. मोठी थाप असली की पार टोकापर्यंत जातात."

मास्तरांनी खाली पाहिलं आणि चटका बसल्यासारखी टेप सोडली.

"आणि कोट जळालाय तेही मला ठाऊक आहे. वास आला होता. तुम्ही म्हणालात, समोर कुणीतरी कचरा जाळतंय. अहो, सोमवारी पहाटे आपण आठवडाभर ताईकडे चाललोय. त्याआधी वहिनींना सरळ सांगून मोकळे व्हा."

"उद्या सांगतो," मास्तर म्हणाले. दोघांनीही एकदमच त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं टेपवर होती.

रविवारी मास्तरांनी टेप दुकानातल्या खुंटीला अडकवली आणि उघड्या गळ्याने दवाखान्यात गेले. खुर्चीत बसताना दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबले. पानापुरता एक हात बाहेर काढायचा, पान ठेवून पुन्हा आत.

"थंडी वाजतेय का?" वायरमनने विचारलं.

"हो, जराशी," मास्तर म्हणाले. हात मांडीखालीच राहिला. कुणाला शंका आली नाही. मास्तरांना एकदम हुरूप आला.

मग त्यांनी कोल्ह्यामागून कोल्हे खपवले. तिघं बावचळले. वहिनींनी दोनदा 'दाखवा' म्हटलं, आणि दोन्ही वेळा नेमकी कोंबडी निघाली. डॉक्टर मऊ आवाजात बोलले की मास्तर त्यांना जागच्या जागी पकडत. वायरमनने खिशातला टेस्टर काढून मास्तरांच्या खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाला, "आज करंट आहे बुवा." बघता बघता मास्तरांपुढे डझनभर अंडी झाली. आयुष्यातला पहिला डाव त्यांनी जिंकला. त्या आनंदात दोन्ही हात बाहेर काढून ते कापसाचे बोळे गोळा करायला लागले.

"शिकलात हो अखेर," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "बरं, कोट?"

"उद्या. काजं तेवढी राहिलीत."

बोलले आणि उजवा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे टेप नव्हती. बोटांना त्याचं काहीच नव्हतं. नसलेली टेप चिमटीत धरून ती इंचाइंचाने खाली सरकायला लागली, छातीवरून पोटावर, पोटावरून पार गुडघ्यापर्यंत.

"दाखवा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, डाव संपलाय."

"डाव संपलाय. कोट दाखवा."

रस्ता ओलांडून वरात दुकानात आली. बायकोने काही न विचारता माळ्याला शिडी लावली. मास्तरांनी तुकडा काढून कापणीच्या टेबलावर पसरला. मोहरीच्या रंगावर जांभळ्या चौकटी, आणि पाठीच्या बरोबर मध्यभागी इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट.

"थर्मोस्टॅट गेलाय तुमच्या इस्त्रीचा," वायरमन म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"वहिनी, माझी चूक झाली," मास्तर म्हणाले. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही एवढ्या हौसेने कापड आणलं होतं. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती, म्हणून उद्या म्हणत राहिलो."

वहिनींचे डोळे भरून आले होते. डॉक्टर पुढे झाले, जळक्या जागेवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं आणि लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले, "अरेरे. काय सुंदर कापड होतं. मला तर फार फार आवडलं होतं."

मास्तरांच्या दाढेची जागा ठणकली.

त्यांनी चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. कोल्हा. चांगला झुबकेदार शेपटीचा कोल्हा. म्हणजे एवढे महिने मास्तर ज्या कोटापायी झुरत होते, तो कधीच शिवून होऊ नये म्हणून हा गृहस्थ देव पाण्यात घालून बसला होता. 'दाखवा' हा शब्द मास्तरांच्या अगदी ओठांवर आला. तो उच्चारला असता तर सगळं पाप क्षणात डॉक्टरांच्या अंगावर गेलं असतं. पण शेजारी वहिनी पदराने डोळे टिपत होत्या. मास्तरांनी शब्द गिळला.

"जाऊ द्या हो," वहिनी म्हणाल्या. "चूक कुणाच्या हातून होत नाही? आणि मी काय तुम्हाला आज ओळखते? तुमच्या हाती देतानाच धाकधूक होती, म्हणून मी ताक्यात उरलेलं सगळं कापडच उचललं होतं. अजून एका कोटाचं कापड आहे घरात. संध्याकाळी पाठवते."

"वा," डॉक्टर म्हणाले. आवाज इतका मऊ झाला होता, की नीटसा ऐकूही आला नाही. "छानच झालं."

"पण आता खरं सांगा, मास्तर. मेळाव्याआधी द्याल ना? कधी देता?"

वहिनींच्या मागे डॉक्टर उभे होते. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट जसा त्यांच्याकडे बघतो, तसे ते मास्तरांकडे बघत होते.

"उद्या," मास्तर म्हणाले. "नक्की."

त्यांचे दोन्ही हात कापणीच्या टेबलावर, जळक्या तुकड्याच्या दोन बाजूंना, पसरलेले होते. एक बोटही हललं नाही. वहिनींनी ते हात बराच वेळ निरखून पाहिले आणि त्यांचं समाधान झालं.

"हे मात्र खरं बोलले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता मला बरोबर ओळखता येतं." डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जाता जाता मास्तरांचा खांदा जरा जास्तच वेळ दाबला.

सगळे गेल्यावर मास्तर स्टुलावर टेकले, पण त्यांची बायको जागची हलली नाही. तिनेही ते हात पाहिले होते. उद्या पहाटे आपण गावाला निघणार आणि आठवडाभर दुकानाला कुलूप असणार, हे तिला नीट ठाऊक होतं. तिने खुंटीवरची टेप काढली आणि नवऱ्याच्या गळ्यात घातली.

"आता कशाला? दुकान बंद करायचंय," मास्तर म्हणाले.

"असू दे. पहाटेची गाडी आहे. तुमची बॅग भरलीत ना?"

"भरली," मास्तर म्हणाले.

बायकोने हातांकडे पाहिलं. हात गुडघ्यांवर शांत होते. मग ती आत गेली आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याची बॅग स्वतः उघडून पाहिली.