पडद्याखालचे पाय

जावयाचे दोन्ही पाय पडद्याखालून आत आले आणि सासूबाईंच्या पुढ्यात टेकले.

"श्वास सोडा," फेलिस्ता सवयीने म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच श्वास अडकला.

पाय तसेच राहू देत. हलासनात माणूस थोडा वेळ तग धरतो, आणि ते तिथवर आले कसे हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही.

फेलिस्ताने मसाका गावातल्या मुलींच्या शाळेत जन्मभर पोशो, म्हणजे मक्याची घट्ट उकड, ढवळला. साठी उलटली आणि कंबरेने संप पुकारला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांऐवजी कंपालातल्या एका योगवर्गाचा पत्ता दिला. फेलिस्ता गेली ती कण्हत, आणि आली ती योगशिक्षिका होऊन.

"इतकी वर्षं पातेल्यावर वाकले, आता चटईवर वाकते," ती सांगे. "फरक एवढाच, की चटईवरून पुन्हा सरळ होता येतं."

फादरांनी दर शनिवारी चर्चचं सभागृह दिलं. अट एकच: शवासनातून उठताना आमेन म्हणायचं.

आता जावई. नाव किगुंडू, बसचा ड्रायव्हर. फेलिस्ताला मुलीसाठी हवा होता टेबल-खुर्चीवाला, आणि नालुमान्सीने निवडला स्टिअरिंगवाला. पण रीत फेलिस्ताच्या मदतीला धावली. सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, त्याला शिवायचं नाही. शिवलं तर दोघांचे हात जन्मभर थरथरतात, अशी समजूत. भिंतीआडून बोललेलं मात्र चालतं; एकदा शिवलं, की तेही बंद. फेलिस्ता भिंतीआडूनही बोलली नाही. जावई आल्याची चाहूल लागली, की ही मागच्या दाराने केळीच्या बागेत.

लोक म्हणत, "काय वळण आहे बाईला!"

वळण कसलं? राग होता. रीतीच्या पदराखाली तो झाकून गेला, इतकंच.

आणि मग एक दिवस नालुमान्सीचा फोन आला.

"आई, ह्यांची पाठ धरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, योग करा."

"करू दे की."

"तुझ्याकडे."

"गावात दुसरा वर्ग नाही का?"

"तूच सांग, आहे का?"

नव्हता. शेवटी नाताळच्या नाटकाचा जाड लाल पडदा सभागृहाच्या मधोमध टांगला गेला. एका बाजूला फेलिस्ता, दुसऱ्या बाजूला बाकी सगळा वर्ग. वाकलेल्या बायकांच्या मागे पुरुषमाणूस कसा बसवायचा? म्हणून किगुंडूची चटई सगळ्यांच्या पुढे, पडद्याला खेटून. त्यातून इंजिनापाशी बसून त्याचा एक कान मंद झालेला. म्हणून डोकं पडद्याकडे.

"जावईबापू, गुडघे कुठे आहेत?"

"पँटमध्ये, आई."

बायका खिदळल्या. फेलिस्ताने ओठ घट्ट मिटले. पडद्याआड होती म्हणून बरं, नाहीतर हसू दिसलं असतं.

"सरळ आहेत की वाकडे, ते विचारतेय!"

"तुम्ही म्हणाल तसे ठेवतो."

हळूहळू आसनं कमी आणि गप्पा जास्त होऊ लागल्या. कुण्या म्हातारीने बसच्या सीटखाली बोकड लपवून आणला आणि त्याने पुढच्या सीटवरच्या पाद्र्याचा झगा खाल्ला, ही हकीकत भुजंगासनात सुरू होऊन शवासनात संपली. फेलिस्ता शनिवारची वाट पाहू लागली. भाजलेली केळी पानात बांधून ती पडद्याखालून सरकवायची. रिकामं पान परत यायचं.

"आवडली का?"

"पान तेवढं राहिलं, आई."

असा माणूस, आणि आपण त्याच्यापासून बागेत लपत होतो. सगळी वर्षं. त्या बागेतली एकूण एक केळ तिला पाठ होती, आणि जावई मात्र...

असो. तर, पाय.

त्या शनिवारी किगुंडूचे पाय पहिल्यांदाच डोक्यामागे जमिनीला टेकले. टेकले ते पडद्याच्या पलीकडे, आणि पडद्याच्या तळाशी ओवलेल्या दोरीत दोन्ही अंगठे अडकले. त्याने पाय ओढले. वरची काठी करकरली.

"ओढू नका!" नान्तोंगो किंचाळली. वर्गातली सगळ्यात थोरली तीच. "पडदा खाली येईल! समोर सासू आहे!"

"आई," किगुंडूचा आवाज बारीक झाला होता. "माझं पोट माझ्या गळ्यावर बसलंय."

"बोलू नका. मान हलवू नका. नान्तोंगो, कंबरेला हात दे त्याच्या!"

"मी? परक्या पुरुषाच्या कंबरेला? माझा नवरा बाहेर सायकल धरून उभा आहे!"

दुसऱ्या दोघी धावल्या. एकीने डावीकडे ओढलं, दुसरीने उजवीकडे. काठी आणखी करकरली.

फेलिस्ताने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दांड्याने दोरी सोडवायला गेली. दांडा तळव्याला लागला. किगुंडूला गुदगुल्या झाल्या. तो हसला, आणि हसता हसता त्याच्या घशातून पंक्चर झाल्यासारखा आवाज आला.

"आई... मान..."

हा आवाज तिला ठाऊक होता. शिकताना कंपालातल्या योगाच्या बाईंनी बजावलं होतं, की अशा वेळी ओढाताण झाली तर माणूस जन्माचा जायबंदी होतो. शिवलं तर हे शनिवार गेले. नाही शिवलं तर हा माणूस गेला.

फेलिस्ताने झाडू टाकला आणि जावयाचे घोटे दोन्ही हातांनी धरले.



तिने एकेक अंगठा सोडवला. पाय वर उचलले, पडद्याच्या कापडासकट, आणि पलीकडे झुकून, मणक्यामागून मणका, त्याला हलकेच खाली सोडलं. तोंड फिरवून. पण हातांना तोंड फिरवता येत नाही. तिच्या शिकलेल्या हातांना कळत होतं: कुठे ताठरपणा नाही, कुठे कळ नाही. ही पाठ लोण्यासारखी होती.

"जावईबापू," पडदा जागेवर पडल्यावर ती म्हणाली, "तुमची पाठ कधी बरी झाली?"

पलीकडे चटई उगाच सारखी केल्याची खसखस झाली.

"खरं सांगा."

"ईस्टरच्या आधीच, आई."

"ईस्टरच्या आधी! मग आता पावसाळा उलटला तरी येताय कशाला?"

"घरी तुम्ही बोलत नाही ना," किगुंडू म्हणाला.

फेलिस्ता मटकन खाली बसली. कुठलं आसन ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पुढच्या शनिवारी," ती पडद्याची दोरी सारखी करत म्हणाली, "पडदा थोडा मागे घेऊ. जागा जास्त मिळेल."

"कसला पुढचा शनिवार?" नान्तोंगो म्हणाली. आवाजात खाष्टपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "शिवलीस ना त्याला? सगळ्यांनी पाहिलं. आता तुझा आवाज पोचेल इतक्या अंतरावरसुद्धा तो येणार नाही. घरची मोठी माणसं त्याला येऊ देणार नाहीत."

"जीव वाचवला मी त्याचा!"

"तेच म्हणतेय, बाई. वाचवलास, आणि घालवलास."

चटई गुंडाळल्याचा आवाज आला. "येतो, आई," किगुंडू म्हणाला, आणि मग स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं, "जातो."

पावलं दाराकडे गेली. फेलिस्ताने पडद्याची कड बोटभर बाजूला केली. तोंड पाहायचं नसतं. पाठीबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही. उंच, रुंद माणूस होता. उन्हात चालला होता, ताडासारखा सरळ, कुठे पोक नाही, कुठे झोक नाही.

"काय बघतेस गं चोरून?" नान्तोंगोने दटावलं.

"माझं काम बघतेय," फेलिस्ता म्हणाली. "जरा वाईट शिकवायला हवं होतं."