हात लावून बघा

दिघीच्या रस्त्याला, एस.टी.च्या थांब्यासमोर, येसाजीचं किराणा दुकान भर दुपारी उघडं असल्याचं तालुक्याच्या पाहणी अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आलं. टाळेबंदी उठून वर्षं लोटली होती. उघडं दुकान ही चीज कागदोपत्री दुर्मीळ होत चालली होती, म्हणून साहेबांनी जीप थांबवली.

दुकानात गर्दी होती. बाकावर चौघे, पायरीवर तिघे, आणि आत, डाळीच्या पोत्यांशेजारी मांडलेल्या चपलांपुढे, कल्पितावहिनी नवा जोड घालून येरझाऱ्या घालत होत्या.

"सात नंबर सैल होतो येसाजीभाऊ. सहा काढा."

येसाजीने सहा काढला. वहिनींनी चालून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, तळवा वाकवून पाहिला. मग समाधानाने चपला जागेवर ठेवल्या, फोन काढला आणि सहा नंबर मागवला.

"पत्ता तुमच्याच दुकानाचा टाकलाय हां. पार्सलवाला आमच्या आळीत येत न्हाय."

"टाका की," येसाजी म्हणाला. "खोकं फोडायला कात्री हितंच हाय."

टाळेबंदीत याच येसाजीने गाव जगवलं होतं. गल्ल्यापासून रस्त्यापर्यंत प्लॅस्टिकचा पाइप बांधून तो तूरडाळीपासून अंगाच्या साबणापर्यंत सगळं घसरवत पाठवायचा. पलीकडे लोक पिशवी धरून उभे. गावाने कृतज्ञतेने त्याला मानपत्र दिलं. मानपत्राची चौकट अर्थातच ऑनलाइन मागवली होती.

साहेबांचं नाव प्रज्योत. त्यांच्याकडे 'भौतिक दुकानांचे भवितव्य' हा अकरा पानी तक्ता होता.

"रोज किती माणसं येतात?"

"साठ-सत्तर."

"वा! आणि विक्री?"

येसाजीने आठवून पाहिलं. "सकाळी एक काडेपेटी गेली. पार्सलची खोकी जाळायला."

साहेब गंभीर झाले. माणसं सत्तर, विक्री एक. म्हणजे दुकान उत्तम चाललं होतं. तेवढी विक्रीच मागे पडत होती. अडचण नेमकी कुठे आहे हे त्यांच्या शासकीय नजरेला लगेच दिसलं.

महिन्याभरात आदेश आला. येसाजी किराणाला 'ग्राम स्पर्श केंद्र' असा दर्जा देण्यात येत होता. प्रत्येक वस्तूचा एक नग सुतळीने फळीला बांधून ठेवावा, उर्वरित माल दुकानाबाहेर हलवावा, नागरिकांना हात लावू द्यावा. विक्री करू नये. विकून टाकलेल्या वस्तूला पुढच्या नागरिकाने हात कसा लावावा?

"सायेब, बापापासनं तराजू हाय आमचा," येसाजी म्हणाला. "मला इकायचं हाय."

"तुमच्या भावना समजतात. भावनांचा रकाना आहे, त्यात लिहितो."

"आन् इकण्याचा?"

"तो मागच्या तक्त्यात होता."

ग्रामसभेत विषय एकमताने मंजूर झाला. येसाजीने बोलायला हात वर केला, तोही ठरावाच्या बाजूने मोजला गेला. मग दुकानातच केंद्राचं उद्घाटन झालं, तिथे सरपंच दत्तात्रेय यांनी 'जुनं ते सोनं' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. समईत तेल नव्हतं, ते वाटेत होतं; अॅपवर ट्रक पेणपर्यंत आलेला दिसत होता. समोर फळीवर तेलाची बाटली होती, पण बांधलेली. शेवटी न पेटलेल्या समईला सर्वांनी नमस्कार केला. तराजूच्या दोन्ही पारड्यांना सुतळी बांधली जात असताना येसाजीची बायको कोकिळा आत निघून गेली.

जूनमध्ये वादळ झालं. खांब आडवे झाले, टॉवर बसला, फोन मुके झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव दुकानासमोर रस्त्यावर उभं राहिलं.

"येसाजी, मेणबत्त्या काढ. मीठ काढ. घरात काय न्हाय," सरपंच म्हणाले.

येसाजीने फळीवरच्या एकुलत्या मेणबत्तीकडे बोट दाखवलं. "हात लावून बघा."

"थट्टा करतोस? माणूस हायस का कोण?"

"केंद्र हाय मी. ठराव तुमचाच."

गर्दी कुजबुजली. दुकानदारांना हल्ली माणुसकी राहिली नाही, असं पायरीवरचे तिघे एकमेकांना म्हणाले. तेवढ्यात कोकिळा दारात आली.

"पुरं आता. मागल्या पडवीत माल कुजवून काय त्याचं लोणचं घालायचं हाय? पोरं काळोखात बसलीत लोकांची."

येसाजीने कात्री उचलली आणि तराजूची सुतळी कापली. माळ्यावरचा पाइप उतरवला, कारण पायरीपुढे गुडघाभर पाणी होतं. संध्याकाळपर्यंत मीठ, पोहे, मेणबत्त्या पाइपातून घसरत राहिल्या. तराजूचा काटा इतक्या महिन्यांनी हलताना पाहून येसाजीचे डोळे भरून आले. सरपंचांचे तर वाहू लागले. "दुकान म्हणजे गावाचा श्वास!" ते पाइपात तोंड घालून म्हणाले. तिथल्या तिथे ठराव रद्द करायचं ठरलं.

पाचव्या दिवशी टॉवर उभा राहिला.

आठवड्याने थांब्यावर टेम्पो आला आणि येसाजीच्या दारात सहा खोकी उतरली. मेणबत्त्या, मीठ, पोहे.

"पुढच्या वादळात तुला त्रास नको म्हणून मागवलं रे," सरपंच मायेने म्हणाले. "तवर राहू दे तुझ्याकडंच."

"आणि येसाजीभाऊ," मागून कल्पितावहिनी म्हणाल्या, "तुमची ती मेणबत्ती दाखवा ना जरा. जाडी बघून घेते."

येसाजीने मेणबत्ती दाखवली.

तुम्हाला हे जरा अतीच वाटत असेल. वाटू दे. पण हे पुस्तक तुम्ही दुकानात उभ्याउभ्याच इथवर वाचलं असेल, आणि फोनवर किंमत ताडून पाहायला बोट शिवशिवत असेल, तर एकदा गल्ल्याकडे बघा. तो माणूस तुम्हाला काही बोलणार नाही. कात्री तो काढूनच बसलाय.