नको म्हणायची तालीम

“नको म्हण. अरे, मनापासून नको म्हण. पंगतीत बसलेल्या जावयासारखं नको-नको काय करतोस?”

हे वाक्य मी आमच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढताना ऐकलं. बोलणारे गृहस्थ चार घरं पलीकडे, त्यांच्या गच्चीवर होते. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते कुजबुजत होते.

केशोजीराव मोरे पोलीस बँडचे निवृत्त बँडमास्टर. सगळी नोकरी मैदानावर, लांब उभ्या असलेल्या ढोलवाल्याला वाऱ्याविरुद्ध हुकूम देण्यात गेलेली. त्यातून घराणं जुन्या मैसूरच्या घोडदळातलं. “आमचा आवाज घोड्यावरून आलाय,” ते सांगायचे. मैसूरच्या कडेला असलेल्या आमच्या हूटगळ्ळीत त्यांनी भाजीवाल्याला “कोथिंबीर” एवढं जरी म्हटलं, तरी येलवालकडे निघालेल्या बसचा कंडक्टर शिट्टी मारून बस थांबवायचा.

अशा माणसाने, बायको गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, विद्यार्थ्यांना रुग्णालयात हळू वाजवायला शिकवायचं ठरवलं.

आईने मलाही तिकडे ढकललं. मी दहा वर्षं व्हायोलिन शिकत होते आणि ते आमच्या घराबाहेर कुणीही ऐकलं नव्हतं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, घरात मराठी. मला तिन्ही भाषांत गप्प राहता येत होतं. केशोजीरावांना सगळे मामाच म्हणायचे. मामांकडे आधीच दोघं होती. संगीत कॉलेजातला सुहास मृदंग वाजवायचा आणि त्याच्याच वर्गातली पवित्रा बासरी.

पहिले तीन आठवडे आम्ही एक सूरही काढला नाही. चालायला शिकलो. चपला जिन्यात, बांगड्या डब्यात, मोबाइल घरी. मग दार न वाजवता उघडायचं, खुर्ची न ओढता उचलून ठेवायची. मामा मागून ओरडायचे, “मेल्लगे, मेल्लगे.” मेल्लगे म्हणजे कन्नडमध्ये हळू. हा शब्द इतक्या मोठ्याने उच्चारलेला मी तरी दुसरीकडे ऐकला नाही. समोरच्या नारळावरचे कावळे उडायचे.

मग थांबायचं शिक्षण. मामा स्टीलच्या लोट्यावर चमचा मारणार. त्या क्षणी जो जिथे असेल तिथे त्याने वाजवणं सोडायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. पवित्राला हे जमेना. कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातली रचना, अर्धी सोडणं पाप, असं तिच्या गुरूंनी सांगितलं होतं.

“आयतु, बरं,” मामा म्हणाले. “डॉक्टर राउंडला आले, तर तुझं चरण संपेपर्यंत दाराशी हात जोडून उभे राहतील काय?”

पण खरी तालीम होती नकाराची. मामा गच्चीवर खाट टाकून त्यावर झोपायचे, भर उन्हात गळ्यापर्यंत चादर. ते पेशंट. आपण जवळ जायचं, विचारायचं, “वाजवू का?” मामा म्हणायचे, “नको.” आपण “बरं, येते” म्हणून हसऱ्या तोंडाने निघायचं. संध्याकाळभर एवढंच. कधीकधी आम्हालाही आळीपाळीने पेशंट व्हावं लागे. मी गच्चीवरून ऐकलं होतं ते सुहासच्या पेशंटगिरीबद्दल.

एक दिवस सुहास वैतागला. “मामा, बावीस वेळा नको म्हणालात. मी अजून मृदंगाची गवसणीसुद्धा काढली नाही.”

मामा उठून बसले. “पेशंटला डॉक्टरला नको म्हणता येतं काय? सुईला? त्या उप्पीटाला? आलेल्या पाहुण्याला? दिवसभर सगळ्याला हो म्हणायचं त्यानं. एक तरी गोष्ट नको म्हणायला मिळू दे की रे त्याला. ती गोष्ट म्हणजे आपण.”

असं म्हणून ते परत आडवे झाले आणि म्हणाले, “नको.” तेवीस.

माझी अडचण वेगळी होती. चालणं, थांबणं, नकार घेणं या सगळ्यात मी पहिली. नकाराची तर मला लहानपणापासून सवय, न विचारताच. पण विचारणं जमत नव्हतं. “वाजवू का?” हे मी व्हायोलिनच्या कानात सांगायचे.

मामा चादरीतून हात काढून कानाशी न्यायचे. “पुट्टी, काय म्हणालीस?” मुलीला लाडाने पुट्टी म्हणतात आमच्याकडे.

मी पुन्हा सांगायचे. मग मामा त्यांचा नियम ऐकवायचे. “शेजारच्या खाटेला ऐकू गेलं तर तो हुकूम. पेशंटला ऐकू गेलं नाही तर ती चोरी. मधला आवाज काढ.” आणि हा मधला आवाज कसा असतो ते स्वतः करून दाखवायचे. त्यावर खालून त्यांची भाडेकरीण विचारायची, “काय पाहिजे, केशोजीराव?”

दुसरा नियम होता, जो विचारतो तोच वाजवतो. त्यामुळे एका ट्रस्टच्या रुग्णालयात आमच्या मंगळवारच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा सुहास आणि पवित्रा वॉर्डात जायची आणि मी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. शेजारी मामा.

तेही आत जात नसत. सुहासने कारण विचारलं तर म्हणाले, “बँडमास्टर वरातीबरोबर येतो. मांडवात जेवायला बसत नाही.” मी मनात ठरवून टाकलं की वॉर्डच्या सिस्टरांनी त्यांना त्या आवाजामुळे बंदी केली असणार.

दोन मंगळवार आम्ही तसेच बसलो. मामा बाकावर अगदी गप्प असायचे. आतून बासरी ऐकू आली की डाव्या गुडघ्यावर एक बोट ताल धरायचं. मध्येच बासरी थांबली की बोटही तिथेच थांबायचं. दार उघडून कुणी बाहेर आलं, की ते अर्धवट उठायचे, आत एक नजर टाकायचे आणि दार मिटलं की पुन्हा बसायचे. मला हे दिसत होतं. मी काही विचारलं नाही. विचारणं मला येत असतं, तर मी बाकावर कशाला असते?

तिसऱ्या मंगळवारी मामा खाली कॉफी आणायला गेले, तेव्हा सिस्टर बाहेर आल्या. माझ्या पेटीकडे बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, “तू दर वेळी इथेच? आणि ते? त्यांनाही आत का नेत नाही तुम्ही?”

“तुम्हीच बंदी केलीये ना?” मी म्हणाले. बहुधा म्हणाले, त्यांना ओठ वाचावे लागले असतील.

“मी?” सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. “त्यांची बायको याच वॉर्डात होती. डोक्याचं ऑपरेशन. कुठलाही आवाज सहन होत नव्हता. हे आले आणि ‘कशी आहेस?’ एवढंच म्हणाले. तिने दोन्ही हातांनी कान दाबून घेतले. झालं. त्या दिवसापासून रोज यायचे, सहा-सहा तास बसायचे. एक शब्द नाही.”

त्यांनी एकदा वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

“शेवटी शेवटी तिने मला विचारलं, ते माझ्यावर रागावलेत का? संसारात एवढे गप्प कधी बसले नव्हते. मी सांगितलं, रागावले नाहीत, तुला त्रास नको म्हणून गप्प बसलेत. तिला पटलं की नाही, कोण जाणे. हे तिने विचारलेलं मी त्यांनाही सांगितलं. सांगायला नको होतं, असं आता वाटतं.”

आतून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, “खिडकीजवळच्या आजींनी मागच्या वेळी सुहासला नको म्हटलं. मृदंग नको म्हणे त्यांना. व्हायोलिनला काय म्हणतात, बघायला हवं.”

मी पेटीच्या कडीवर बोट ठेवून बसले. गच्चीवर खाटेवर झोपून शंभर वेळा नको म्हणणारा माणूस मला दिसत होता. त्या माणसाला फक्त एक मधला आवाज हवा होता, आणि तो त्याच्या घराण्यात नव्हता. माझ्याकडे तो असेल अशा आशेने ते दर मंगळवारी माझ्या शेजारी येऊन बसत होते. आणि मी तो पेटीत ठेवला होता.

मामा कॉफीचे दोन पेले सांभाळत जिना चढून आले. “काय गं पुट्टी, सिस्टर काय म्हणत होत्या?” मजल्यावरच्या तीन दारांतून माणसं डोकावली. मामांनी लगेच ओठ घट्ट मिटले आणि खाली बघितलं.

मी त्यांच्या हातातले पेले घेऊन बाकावर ठेवले. व्हायोलिन काढलं. चपला भिंतीशी सारल्या, बांगड्या पेटीत टाकल्या. मग त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यांना ऐकू जाईल, पण पलीकडच्या बाकाला जाणार नाही, एवढ्या आवाजात म्हणाले,

“मामा, आत चला. तुम्ही नुसते बसा. विचारायचं मी बघते.”