आईच्या बोटांचा गुन्हा

"आता एकही एजंट माझ्या हातून सुटत नाही!" जेवता जेवता चिरंजीव म्हणाले आणि घास तोंडात घालण्याऐवजी जांभई दिली.

रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण सांभाळून बिचाऱ्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. सकाळी आरक्षण उघडलं रे उघडलं, की एजंटांची यंत्रं फटाफट अर्ज भरून सगळ्या जागा लुटायची. साध्या माणसाच्या हाती भोपळा! म्हणून चिरंजीवांनी नियम केला: माणसाला जमणार नाही इतक्या वेगाने जो अर्ज भरेल, तो यंत्र. त्याचं खातं बंद!

"पण माणसाचा वेग ठरवला कसा?" आईने विचारलं.

"मी स्वतः अर्ज भरून बघितला. घड्याळ लावून."

आई बघतच राहिली. चिरंजीव एका बोटाने टाइप करतात, तेही एकेक अक्षर हरवलेल्या किल्लीसारखं शोधत. आणि आईने उभा जन्म कोर्टात टायपिस्ट म्हणून काढलेला. वकिलाचं वाक्य संपायच्या आत हिचा कागद तयार!

"बरं. उद्या मला ताईकडे जायचं तिकीट काढायचंय," ती एवढंच म्हणाली. ताईचे दिवस भरत आले होते. "तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही," असं तिने फोनवर रडून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चिरंजीवांनी चहाचा कप तोंडाला लावला, तोच फोन वाजला.

"अरे, हे मला यंत्र म्हणतंय! खातंच बंद केलं माझं!"

"आई, जरा सावकाश टाइप करायचं ना!"

"सावकाश? अख्ख्या नोकरीत मला असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही!"

फोन आपटला. आई चिडली, आणि चिडली की तिची बोटं आणखी पळतात! तिने सूनबाईचं खातं उघडलं. बंद! शेजारच्या काकूंचं मागून घेतलं. तेही बंद!

इकडे साहेब अक्षरशः नाचत आले. "टोळी सापडली! एकाच घरातून तीन खाती, आणि दर वेळी वेग आधीपेक्षा जास्त! पथक पाठवतोय मी!"

चिरंजीवांनी पत्ता वाचला आणि त्यांची झोपच उडाली.

"साहेब, हे माझं घर आहे."

"म्हणजे टोळीचा माणूस आपल्याच ऑफिसात?"

"टोळी नाही हो, आई आहे!"

"म्होरक्या आई?"

"म्होरक्या, टोळी, सगळं तीच! टायपिस्ट होती ती!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. पथक थांबलं, पण खाती काही उघडेनात. पडताळणीला पंधरा दिवस लागतात. हाही नियम चिरंजीवांचाच!

पुढच्या सकाळी चिरंजीव स्वतःच्या खात्यातून अर्ज भरायला बसले. आई पाठीमागे उभी.

"अरे, ते अक्षर वरच्या ओळीत! डावीकडे! ऊठ, मला बसू दे!"

"नको गं, हेही खातं जाईल!"

आईचं आडनाव पुरं होईपर्यंत गाडी भरली.

"पोरगी वाट बघतेय रे माझी," म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चिरंजीवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी बसने जायचं ठरलं. आईची कंबर आधीच धरलेली. बॅग घेऊन दोघं निघाले, तर कोपऱ्यावरचा एजंट दुकानाच्या पायरीवर निवांत बसलेला.

"मावशी, रेल्वेचं तिकीट आहे हो! देऊ?"

"तुमची खाती बंद नाही झाली?" चिरंजीव किंचाळलेच.

"छे! रेल्वेच्या ऑफिसातल्या कुणीतरी घड्याळ लावलंय म्हणे. आम्ही यंत्रांना त्याच्याइतकं सावकाश चालायला सांगितलं. एकाच्या जागी पन्नास यंत्रं लावली, झालं! पण काय मंद माणूस असेल हो तो!"

आईने एजंटाकडे बघितलं, मग लेकाकडे.

"बसनेच जाईन," ती म्हणाली आणि चालू लागली.

पोचली मात्र अगदी वेळेवर. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत! आणि बोटं काय लांबसडक आहेत रे हिची! सारखी चुळबुळतायत, अगदी माझ्यासारखी!"

चिरंजीव खुर्चीत मटकन बसले.

"अहो, काय झालं?" सूनबाई घाबरून धावत आल्या. "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. मुलगी झाली," चिरंजीव थकल्या आवाजात म्हणाले. "पण हिलाही जन्मात तिकीट मिळायचं नाही!"