खवलोबाचे दोन डबे

एका जंगलात वायफाय होतं. का होतं ते विचारू नका मुलांनो, गोष्टीत असतं.

त्या जंगलात एक खवल्या मांजर राहायचं. नाव खवलोबा. म्यांव करणारं मांजर नव्हे. खवल्या मांजराच्या अंगभर खवले असतात, तोंडात दात नसतात आणि लांबलचक जिभेने ते मुंग्या खातं. जरा खुट्ट झालं की अंगाचा गोळा करून बसतं. कोणी त्याला भित्रं म्हणतं. खवलोबा स्वतःला सावध म्हणायचा.

त्याच्या बिळात एक काळा डबा होता. घरातले सगळे फोटो, सगळी गाणी त्या डब्यात. फोटो बहुतेक वारुळांचे, गेले असते तरी कोणी रडलं नसतं. पण त्याच डब्यात त्याच्या आईचा आवाज होता. आई आता नव्हती. हयात असताना ती रोज दिवेलागणीला बिळाच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायची, "खवल्या, ये रे घरी, मुंग्या पांगतील." एकदा खवलोबाने ती हाक रेकॉर्ड करून ठेवली. तेवढीच काय ती आई उरली होती.

"डबा बिघडला तर?" एक दिवस बायको म्हणाली.

खवलोबाचा गोळा झाला. गोळ्यातूनच त्याने मेहुण्याला बोलावणं धाडलं. मेहुणा जंगलाच्या कडेला, शहराजवळ राहायचा. म्हणून त्याला सगळं कळतं, असं घरात धरून चालत.

मेहुणा दुसरा डबा घेऊन आला आणि तो पहिल्याशेजारी ठेवला. "दाजी, आता निर्धास्त राहा. याला बॅकअप म्हणतात. रोज दिवेलागणीला हा त्याच्याकडे बघणार आणि हुबेहूब तसाच होणार. तिथे आहे ते इथे. तिथे नाही ते इथेही नाही."

"आणि पहिल्यात काही चूक झाली तर?" बायकोने विचारलं.

"तर तीच चूक इथेही, ताई. काडीचा फरक पडायचा नाही," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

तिला काहीतरी खटकलं. पण मेहुणा जेवायला बसला होता, आणि माहेरच्या माणसाला जेवताना प्रश्न विचारू नयेत.

वरच्या झाडावर एक म्हातारी साळुंकी होती. तिला दुसऱ्यांचे आवाज काढायची खोड. संध्याकाळ झाली की फांदीवरून ती थेट खवलोबाच्या आईच्या आवाजात ओरडायची, "खवल्या, ये रे घरी!"

खवलोबाला ते मुळीच खपायचं नाही. "आई माझी. तिच्या आवाजाशी तुमचा काय संबंध?"

"शेजार," साळुंकी म्हणाली. "जन्मभर ऐकलं. बसलं तोंडात."

खवलोबा पंचायतीत गेला. दोन डब्यांत रीतसर ठेवलेल्या आईची ही चोरटी नक्कल आहे, असं त्याने मांडलं. पंचायतीला पटलं. साळुंकीला बंदी झाली आणि ती गप्प बसली.

आता ऐका. डबा चालू असला की गरम होतो. थंडीत लाल मुंग्यांनी ती ऊब हेरली आणि पहिल्या डब्यात बिऱ्हाड केलं. घरात मुंग्या झाल्या की तुमची आई हळद टाकते. पण हा पडला खवल्या मांजर. त्याने फटीतून जीभ आत घातली आणि डबा आतून चाटूनपुसून लख्ख केला. वर ढेकर दिला.

डबा ओला झाला, फुसफुसला, बंद पडला. वाळल्यावर चालू झाला, पण कोरा.

बायको रडकुंडीला आली. खवलोबाचा मात्र जन्मात पहिल्यांदाच गोळा झाला नाही. "घाबरतेस काय? दुसरा आहे ना. झोपून उठलो की सावकाश बघू."

तो झोपला. दिवेलागण झाली. दुसऱ्या डब्याने पहिल्याकडे बघितलं. पहिला कोरा होता. दुसरा हुबेहूब तसाच झाला.

मेहुणा धावत आला. त्याने दोन्ही डबे तपासले. "दाजी, काडीचाही फरक नाही. मी म्हटलं नव्हतं?"

खवलोबाने अन्न सोडलं. समोर वारूळ असलं तरी जीभ बाहेर काढेना. शेवटी एका संध्याकाळी तो झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "ते म्हणा ना."

"बंदी आहे रे. तूच आणलीस."

खवलोबा मान वर करून नुसता उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. साळुंकीने इकडेतिकडे पाहिलं. पंचायतीचं कोणी नव्हतं.

"खवल्या, ये रे घरी, मुंग्या पांगतील."

तीच हाक. मग जरा थांबून, त्याच आवाजात, पण हळू, साळुंकी म्हणाली, "आला गं बाई. आला एकदाचा."

"हे काय?" खवलोबाने विचारलं. "हे नव्हतं त्यात."

"तू आत शिरलास की म्हणायची. रोज. तू तोवर पानावर बसलेला असायचास, तुला कसं ऐकू येणार?"

खवलोबाचा गोळा झाला. या वेळी भीतीने नव्हे.

पंचायतीची बंदी अजून आहे. साळुंकी रोज दिवेलागणीला ती मोडते, आणि मोडली की नाही हे खवलोबा झाडाखाली जाऊन स्वतः बघून येतो.

तात्पर्य : मुलांनो, सांगितलेलं मुकाट्याने ऐकणारे घरात दोन असले तरी ते एकच असतात. म्हणून जे हरवू नये असं वाटतं, ते न ऐकणाऱ्या एखाद्या शेजारणीच्या कानावर जाईल, एवढ्या मोठ्याने बोलावं.